जन्मतारीख खरी भरा

मुलाच्या हातात फोन आला की पहिल्या दहा मिनिटांत घरोघरी एक खोटं बोललं जातं. खातं उघडताना फोन जन्मतारीख विचारतो. मूल दहा वर्षांचं असतं. खरं साल टाकलं की पुढे पालकांची परवानगी, पालकांचा मेल, पालकांचा पासवर्ड अशी विचारणा सुरू होते. घरात घाई असते, शेजारी मूल पाय आपटत उभं असतं. मग कुणीतरी १९९५ टाकतं, किंवा बाबांचीच तारीख भरून मोकळं होतं. खातं झटक्यात सुरू. सहा महिन्यांनी तेच पालक विचारत येतात, पॅरेंटल कंट्रोल लावलं तरी चालत का नाही? चालणार कसं? गूगलच्या, यूट्यूबच्या आणि इन्स्टाग्रामच्या लेखी तो तीस वर्षांचा गृहस्थ आहे.

पॅरेंटल कंट्रोल हे फोनला लावायचं कुलूप आहे, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून माणसं मुलाचा फोन हातात घेऊन त्याच्या सेटिंग्ज चाळत बसतात. अँड्रॉइडवर मात्र सगळी सूत्रं खात्याकडे असतात. एक पालकाचं खातं, एक मुलाचं खातं आणि या दोहोंना जोडणारं फॅमिली लिंक नावाचं गूगलचं फुकट ॲप. ते २०१७ साली आलं. मुलाचं वय तेराच्या आत असेल तर त्याचं खातं मुळातच पालकाच्या देखरेखीखाली उघडतं. क्रोममधला इन्कॉग्निटो मोड बंद असतो, सेफसर्च चालू असतो, यूट्यूबवर कमेंट टाकता येत नाही. हे पालकाला वेगळं लावावं लागत नाही. वय वाढवून सांगितलं की यातलं काहीच उरत नाही.

हीच गोष्ट पुढच्या वयातही लागू आहे. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती जाहीर केली आणि २०२५च्या सुरुवातीला ती भारतात आणली. अशा खात्यात प्रोफाइल आपोआप खासगी राहतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज टाकता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प असतात आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायचं तर पालकाची संमती लागते. बीजीएमआय हा खेळ २०२१ मध्ये आला तेव्हा त्यात अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास खेळ आणि सात हजार रुपये खर्च एवढीच मर्यादा होती. (सात हजार ही मर्यादा कुणाच्या घरचा हिशेब धरून ठरवली असेल, देव जाणे.) ही सगळी व्यवस्था उभी आहे ती एका तारखेवर. ती खोटी असेल, तर पुढचा लेख वाचूनही फारसा उपयोग नाही. आधी ते खातं बंद करून नवं उघडलेलं बरं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती परदेशी कंपन्यांच्या सूचनांमध्ये सहसा दिसत नाही. मुलाचा स्वतःचा फोनच नसतो. असर २०२४ या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. सुमारे ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. स्वतःच्या मालकीचा फोन मात्र त्यांच्यातल्या साधारण तिघांत एकाकडे होता. बाकीची मुलं आईचा, बाबांचा, दादाचा फोन वापरत होती. म्हणजे मोठ्या माणसाच्या खात्यावर, मोठ्या माणसाच्या व्हॉट्सॲपशेजारी आणि त्याच्याच यूपीआय ॲपच्या अंगणात.

अशा सामायिक फोनवर फॅमिली लिंकचा उपयोग नाही, कारण आईच्या फोनचं खातं आईचंच राहणार. तिथे ॲप पिनिंग कामाला येतं. सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या पानावर ते असतं. काही फोनमध्ये त्याला स्क्रीन पिनिंग म्हणतात. ते चालू करून एखादं ॲप पडद्यावर पिन केलं की मूल तेवढ्याच ॲपमध्ये राहतं. बाहेर पडायला पॅटर्न किंवा पिन लागेल, असा पर्याय तिथेच खाली असतो. तो चालू करायला विसरू नये. आयफोनमध्ये हेच काम गाइडेड ॲक्सेस करतं. ते ॲक्सेसिबिलिटीमध्ये सापडतं आणि बाजूचं बटण तीनदा दाबून सुरू होतं. सॅमसंगच्या फोनमध्ये सॅमसंग किड्स नावाचा वेगळा कप्पाच आहे. जेवताना पाच मिनिटं फोन द्यायचा असेल, तर यापलीकडे काही लावायची गरज नाही.

आता मुलाच्या मालकीच्या फोनकडे येऊ. तो बहुधा नवा नसतो. बाबांनी नवा घेतला, म्हणून जुना पोराकडे आला, हीच सर्वसाधारण रीत. जुन्या फोनमध्ये बाबांचा मेल, साठवलेले पासवर्ड, कदाचित कार्डाचा नंबरही पडून असतो. त्यावर मुलाचं खातं नुसतं जोडून भागत नाही. फोन फॅक्टरी रीसेट करून कोरा करावा आणि मुलाच्या खात्यानेच सुरू करावा. रीसेट करण्याआधी फोटो काढून घ्या आणि बाबांना त्यांचा मेलचा पासवर्ड आठवतोय ना, याची खात्री करा. रीसेटनंतर फोन जुन्याच मालकाचं खातं मागत अडून बसला, की मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढावी लागते.

फोन सुरू करताना मुलासाठी नवं खातं उघडा, नाव आणि खरी जन्मतारीख भरा, पालक म्हणून तुमचा मेल द्या. तुमच्या फोनवर फॅमिली लिंक उतरवून घ्या. पालकाचा फोन आयफोन असला तरी चालतो. इथून पुढचं सगळं तुमच्या फोनवरून होतं. पालक सहसा सगळ्यात आधी वेळेची मर्यादा लावतात. रोज एक तास, झालं. माझ्या मते हे उलटं आहे. वेळेवरून रोज भांडण होतं आणि आत काय येतंय याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. एका तासात नको ते पुष्कळ बघून होतं. आधी दार बघावं, मग घड्याळ.

दार म्हणजे प्ले स्टोअर. मूल कुठलंही ॲप घ्यायला गेलं की तुमच्या फोनवर विनंती येईल, अशी सोय फॅमिली लिंकमध्ये आहे. शिवाय वयाचा शिक्का असतो: ३+, ७+, १२+, १६+, १८+. तुम्ही ठरवाल त्याच्या वरची ॲप मुलाला उतरवता येत नाहीत. यात एक खोच आहे. हा शिक्का नव्याने येणाऱ्यांना अडवतो, आधीपासून फोनमध्ये असलेल्यांना नाही. म्हणून ॲपची यादी एकदा वरपासून खालपर्यंत पाहून नको ती एकेक करून बंद करावी लागते. आणखी एक: एकदा मंजूर केलेलं ॲप पुन्हा उतरवायला किंवा अपडेट व्हायला परत परवानगी लागत नाही. तेव्हा ‘हो’ म्हणण्याआधी दोन मिनिटं ते ॲप स्वतः उघडून पाहावं. शिक्क्यावरून चित्रांची आणि भाषेची कल्पना येते. त्यात अनोळखी माणसाशी गप्पा मारायची खिडकी आहे का, हे उघडूनच कळतं. मला विचाराल तर लहान मुलाच्या बाबतीत तीच पहिली चौकशी.

पैशांचं थोडक्यात सांगतो. फॅमिली लिंकमधली खरेदीची मंजुरी गूगल प्लेमार्फत होणाऱ्या व्यवहारांपुरती असते. खेळातली नाणी, तलवारी, पोशाख तिने अडतील. यूपीआयने थेट केलेला व्यवहार तिच्या कक्षेत येत नाही. तिथे एकच उपाय: पिन मुलाला माहीत नसणं. ‘जा रे, दुकानदाराला पैसे पाठव’ म्हणत आपणच तो सांगितलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

यूट्यूबवर जरा थांबायला हवं, कारण मुलांचा बहुतेक वेळ तिथेच जातो. तिथे दोन वाटा आहेत. पहिली यूट्यूब किड्स. ते भारतात २०१६ मध्ये आलं. त्यात वयानुसार तीन गट आहेत आणि चौथा पर्याय असा, की पालकाने निवडलेलेच व्हिडिओ आणि चॅनेल दिसतील, शोधायची सोयही बंद. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी हा चौथा पर्याय उत्तम आहे. तो लावायला एक दुपार जाते, म्हणून कुणी लावत नाही. पण एकदा बसून मराठी गोष्टी, बडबडगीतं, प्राण्यांचे व्हिडिओ वेचून ठेवले, की पुढे कित्येक महिने पाहावं लागत नाही. या ॲपमधली पालकांची सेटिंग्ज उघडायला ते एक गुणाकार विचारतं. सात आठे किती, या धाटणीचा. तिसरीतलं पाढे पाठ असलेलं पोर हा अडथळा हसत पार करतं. त्यामुळे गुणाकाराऐवजी स्वतःचा पासकोड लावून घ्यावा, तशी सोय तिथेच आहे.

दुसरी वाट नऊ-दहा वर्षांपुढच्यांसाठी. यूट्यूब किड्स आता ‘बाळांचं’ वाटू लागतं आणि मूल खरं यूट्यूब मागतं. २०२१ पासून त्यासाठी देखरेखीतलं खातं मिळतं आणि त्यात तीन पातळ्या आहेत. पहिली साधारण नवाच्या पुढची, दुसरी तेराच्या पुढची, तिसरीत प्रौढांसाठीचे व्हिडिओ वगळून जवळपास सगळं. इथली गाळणी यंत्राची आहे आणि यंत्र चुकतं. प्रादेशिक भाषांतल्या द्व्यर्थी विनोदाचा वास त्याला कितपत येतो, याबद्दल मला दाट शंका आहे. म्हणून नव्या खात्याचा पाहिलेला इतिहास पहिले काही आठवडे मुलासोबत बसून बघावा. आवडलेलं एखादं चॅनेल नको असेल, तर ते नेमकं अडवता येतं.

एवढं केल्यावर घर सुरक्षित झालं, असं वाटतं. मग गळती सापडायला लागते. सर्वांत मोठी गळती तांत्रिक नसतेच. मंजुरीची विनंती आईच्या फोनवर येते आणि आईच्या फोनचा पॅटर्न मुलाला ठाऊक असतो. किंबहुना तो फोन त्यानेच सुरू करून दिलेला असतो. अनेक घरांत घरचा संगणक अभियंता सातवीत शिकतो. मूल आईचा फोन उचलतं, मंजूर करतं, जागेवर ठेवतं. पालकाच्या फोनचा पिन आणि मेलचा पासवर्ड बदलल्याशिवाय बाकी सगळी मेहनत दिखाव्याची राहते.

दुसरी गळती ब्राउझरची. फॅमिली लिंकची वेबसाइटवरची गाळणी क्रोमपुरती चालते. फोन कंपनीने स्वतःचा ब्राउझर आत भरून दिलेला असतो, त्याला ती लागू नाही. तो बंद करावा, दुसरा उतरवायला परवानगी देऊ नये. व्हॉट्सॲपवर मित्राने पाठवलेली एपीके फाइल ही तिसरी गळती. प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवायची परवानगी फॅमिली लिंकमध्ये बंद ठेवता येते, ती बंदच असू द्यावी. आणि मग आजोबांचा फोन आहे, दिवाणखान्यातला स्मार्ट टीव्ही आहे. तिथे मुलाचं खातं नाहीच. घरात फायबरचं कनेक्शन असेल आणि राउटरची सेटिंग्ज उघडत असतील, तर तिथला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून थोडी मदत होते. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२० मध्ये कुटुंबांसाठी फुकट डीएनएस सुरू केला. राउटरमध्ये १.१.१.३ आणि १.०.०.३ हे दोन पत्ते टाकले की ओळखीच्या अश्लील आणि घातक साइट त्या वाय-फायवरच्या कोणत्याही यंत्रावर उघडत नाहीत, टीव्हीसह. मोबाइल डेटा लावला की मात्र हे कुंपण मागे राहतं. शिवाय यूट्यूबच्या आतलं काही हा डीएनएस गाळत नाही.

आयफोनची गोष्ट वेगळी आहे पण लांब नाही. २०१८ मध्ये आयओएस १२ बरोबर स्क्रीन टाइम आलं आणि बहुतेक सगळं त्यातच आहे: झोपेची वेळ, ॲपची मर्यादा, वयाचे निर्बंध, खरेदीआधी विचारणा. नग्न चित्र आलं तर ते धूसर करून मुलाला सावध करणारी सोयही आहे. स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडहून निराळा ठेवायचा. अडचण होते ती मिश्र घरात. मावशीने अमेरिकेहून आणलेला जुना आयफोन मुलाकडे आणि आई-बाबा दोघंही अँड्रॉइडवाले, अशा घरात ॲपलची दुरून देखरेख चालत नाही, कारण त्यासाठी पालकाकडेही ॲपलचं यंत्र लागतं. तेव्हा मुलाच्याच फोनवर स्क्रीन टाइम लावून पासकोड आपल्याकडे ठेवायचा, एवढंच शक्य असतं.

आता घड्याळाकडे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सची शिफारस अशी: दोन वर्षांच्या आत पडदा नाहीच, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. फॅमिली लिंकमध्ये रोजची मर्यादा आणि झोपेची वेळ अशा दोन वेगळ्या सोयी आहेत. मी दुसरीच्या बाजूचा आहे. रोजचा हिशेब मोजत बसलं की मूल शेवटच्या पाच मिनिटांसाठी वकिली करतं. रात्री साडेआठला फोन झोपतो आणि सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत उठत नाही, हा नियम समजायला सोपा आहे. झोपलेल्या फोनवर आलेला कॉल घेता येतो, आपत्कालीन कॉल करता येतो. क्लासहून उशिरा येणाऱ्या मुलीचा फोन बंद पडेल, ही भीती त्यामुळे बाळगायला नको.

या बाबतीत सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव कुठल्याही ॲपच्या पुढे गेलं. २०२२ साली गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की मोबाइल आणि टीव्ही बंद. साडेआठला परत भोंगा वाजला की चालू. मधल्या दीड तासात मुलांचा अभ्यास. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशीच्या ग्रामसभेने अठराच्या आतल्यांना मोबाइलच बंद करायचा ठराव केला. दोन ठरावांत मला फरक दिसतो तो असा: वडगावात मालिका बघणाऱ्या मोठ्यांचाही टीव्ही बंद होत होता. मुलाचा फोन साडेआठला झोपतो आणि बाबांच्या रील्स साडेअकरापर्यंत वाजत राहतात, त्या घरात फॅमिली लिंक नुसतंच चीड आणतं.

काही पालकांना एवढ्याने समाधान होत नाही. त्यांना मुलाचे मेसेज वाचायचे असतात. फॅमिली लिंक मेसेज दाखवत नाही, कॉल ऐकवत नाही. ॲपचा वापर आणि फोन कुठे आहे ते सांगतं, आणि पालकाला काय दिसतं हे मुलाला त्याच्या फोनवर बघता येतं. हे मला योग्य वाटतं. गुपचूप मेसेज वाचून दाखवणारी ॲप बाजारात मिळतात. ती बसवताना बहुधा फोनची सुरक्षा आधी बंद करायला सांगतात आणि मुलाचे फोटो, चॅट कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. अशा कंपन्यांकडची माहिती याआधी फुटलेली आहे. मुलाला अनोळखी नजरांपासून वाचवायला निघालेला पालक त्याचं सगळं आयुष्य अनोळखी माणसाच्या हवाली करतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूलच आहे. त्याची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, त्याच्या वागण्याचा माग ठेवायचा नाही, त्याच्यावर नेम धरून जाहिराती करायच्या नाहीत. मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने येतो आहे. कंपन्या बऱ्याच गोष्टींत तेरा हे वय धरून चालतात, कायदा अठरा धरतो. मधल्या पाच वर्षांत काय सैल करायचं, हे तूर्त घरालाच ठरवावं लागेल. मी वेळेचे निर्बंध सर्वांत आधी काढेन आणि खरेदीची मंजुरी सर्वांत शेवटी. व्हॉट्सॲपवर ‘ग्रुपमध्ये मला कोण घेऊ शकतं’ हे ‘माझे संपर्क’ वर ठेवलेलं बारावीपर्यंत तसंच राहू द्यावं. तेवढ्या एका सेटिंगने भलत्याच लोकांचे कितीतरी ग्रुप टळतात.

आणि एवढं सगळं लावूनही एखाद्या संध्याकाळी मूल फोन घेऊन येईल आणि म्हणेल, एक जण माझा फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणतोय. त्या क्षणी फोन हिसकावून घ्यायचा नाही. चॅट पुसायचं नाही, त्या माणसाला पैसे पाठवायचे नाहीत, आपण रागाने मेसेजही करायचा नाही. त्याचं प्रोफाइल, नंबर आणि धमक्या यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग त्याला ब्लॉक करायचं. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करायची. पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. मूल फार घाबरलेलं असेल तर १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर मूल स्वतःही बोलू शकतं.